सेन्सिटिव्हिटी आपोआप निघते, पण ती खरी आहे हे कसं ओळखायचं?

धुरा (चाकण)

नमस्कार मंडळी. दीड महिना एका कामाशी झटतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बसच्या मागच्या बाजूला इंजिन ज्यावर बसतं तो वेल्डेड क्रॅडल हलका करायचा आहे. २० पत्र्यांच्या जाड्या आणि आकाराची ४ मापं (दोन भोकांचे व्यास, दोन फिलेटच्या, म्हणजे गोल केलेल्या कोपऱ्यांच्या, त्रिज्या), अशी २४ व्हेरिएबल्स. वजन कमीत कमी हवं. अटी दोनच: तीन लोडकेसमध्ये (भाराच्या स्थितींत) स्ट्रेस मर्यादेत राहावा आणि पहिली फ्रीक्वेन्सी २८ हर्ट्झच्या वर असावी. बोल्टच्या जागी कॉन्टॅक्ट आहे, त्यामुळे सॉल्व्हर (स्ट्रेसचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) इटरेशन करत, म्हणजे फेऱ्या मारत, उत्तरापर्यंत पोचतो.

सॉल्व्हरचा सोर्स कोड हाताशी नाही. म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. इनपुट फाइलमधलं एक माप किंचित वाढवायचं (ही स्टेप), रन लावायचा, निकालाच्या टेक्स्ट फाइलमधून कमाल स्ट्रेस उचलायचा, त्यातून आधीचा स्ट्रेस वजा करून स्टेपने भागायचं. ही त्या मापाची सेन्सिटिव्हिटी; अशा २४ आकड्यांचा मिळून ग्रेडियंट. एक रन ११ मिनिटांचा. एका ग्रेडियंटला २५ रन, म्हणजे २७५ मिनिटं. २० इटरेशन धरली तर जवळजवळ चार दिवस. वेळेबद्दल तक्रार नाही, शनिवार-रविवार मशीन मोकळंच असतं.

अडचण ही की ऑप्टिमायझर चौथ्या-पाचव्या इटरेशनला अडकून बसतो. ग्रेडियंट छापून पाहिला तर सात जाड्यांची सेन्सिटिव्हिटी चक्क शून्य. तीन जाड्यांची धन, म्हणजे पत्रा जाड केला की स्ट्रेस वाढतो म्हणे! ९ नंबरची रिब त्यातलीच, +२५०. स्टेप मी मापाच्या दहा लाखाव्या भागाएवढी घेतली आहे. कॉलेजात शिकलो होतो की स्टेप जेवढी लहान तेवढा डिरिव्हेटिव्ह अचूक.

रात्री सगळं आपोआप चालतं, सकाळी २४ आकडे तयार असतात. पण एकाही आकड्यासोबत तो किती भरवशाचा आहे हे येत नाही. मला खरी अडचण इथेच वाटते. कुठून सुरुवात करू?

सह्यकडा (बंगळुरू)

धुरा, एक विचारतो. ४ मिमीच्या सगळ्या पत्र्यांचे आकडे ०, २५० किंवा −२५० असेच आलेत का? आणि ५ मिमीच्या पत्र्यांचे २०० च्या पटीत?

धुरा

हो! ६ मिमीवाल्यांचे १६६.७. तुम्हाला कसं कळलं?

सह्यकडा

मग रोग सापडला. तुमची निकालाची फाइल स्ट्रेस तीन दशांश स्थळांपर्यंत छापते. समजा छापलेला स्ट्रेस १८७.४३२ मेगापास्कल आहे. ४ मिमीचा दहा लाखावा भाग म्हणजे ०.०००००४ मिमी. त्या पत्र्याची खरी सेन्सिटिव्हिटी मिमीमागे −७० धरली, तर स्ट्रेस बदलणार ०.०००२८ ने. छापताना तिसऱ्या स्थळापुढचं सगळं कापलं जातं. म्हणजे छापलेला फरक एकतर ० किंवा ०.००१. आता ०.००१ ला ०.०००००४ ने भागा. २५०. तुमच्या सकाळच्या आकड्यांत क्रॅडलबद्दल काहीच माहिती नाही, छपाईतल्या शेवटच्या अंकाची तेवढी आहे.

इनपुटची बाजूही तपासा. जुन्या पद्धतीच्या फाइलीत एका रकान्यात ८ अक्षरंच मावतात. १२.५ मिमीचं भोक दहा लाखाव्या भागाने वाढवलं की १२.५०००१२५ होतं. ते रकान्यात बसतं १२.५०००१ असं. सॉल्व्हरला मिळालेली स्टेप ०.००००१, तुम्ही भागलं ०.००००१२५ ने. उत्तर सरळ २० टक्क्यांनी कमी, आणि कुठेही एरर मेसेज नाही. अशा स्क्रिप्टमध्ये मी नेहमी लिहिलेली इनपुट फाइल परत वाचतो आणि तिच्यातूनच खरी स्टेप काढतो.

कॉलेजात शिकवतात ते कागदावर बरोबर आहे, कारण कागदावर अंक संपत नाहीत. मशीनवर दोन चुका उलट दिशांनी ओढतात. स्टेप मोठी घेतली तर वक्राला सरळ रेघ मानल्याची चूक वाढते. स्टेप लहान घेतली तर जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी होते, खरे अंक गळून जातात आणि कचरा उरतो.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. स्ट्रेस जाडीच्या −१.५ व्या घाताने बदलतो असं धरा. १ टक्का स्टेपला फॉरवर्ड डिफरन्स (तुमच्यासारखी एकाच बाजूला स्टेप) −१.५ ऐवजी −१.४८१५ देतो, चूक १.२ टक्के. छपाईची चूक मात्र ०.०४ टक्क्याच्या आत. स्टेप ०.१ टक्क्यावर आणली की वक्राची चूक ०.१३ टक्क्यापर्यंत उतरते आणि छपाईची वाढून ०.४ पर्यंत जाऊ शकते. म्हणजे तुमच्या फाइलीसाठी चांगली जागा या दोन्हींच्या मध्ये आहे. दोन्ही बाजूंनी स्टेप घेऊन सेंट्रल डिफरन्स काढला तर १ टक्क्यालाही वक्राची चूक ०.०२ टक्क्याच्या आसपास राहते, फक्त रन दुप्पट लागतात.

ओतकाम (शिरोली, कोल्हापूर)

चांगला धागा. आमच्याकडे पत्रा नाही, ओतीव भाग असतात. भिंतीची जाडी १ टक्क्याने बदलण्याला आमच्या लेखी अर्थ नाही, साचाच त्याहून जास्त इकडेतिकडे होतो. मला हवं असतं ते असं: पंधरा-वीस मापांतली कुठली चार घट्ट सांभाळायची आणि बाकीची सैल सोडायची. हीच सेन्सिटिव्हिटी ना?

काजवा (डेल्फ्ट, नेदरलँड्स)

ओतकाम, तुमचा प्रश्न जरा वेगळ्या घरातला आहे, खाली येतो त्यावर. आधी धुराशी.

छपाईचं सह्यकडांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण बायनरी फाइल वाचलीत तरी सुटका नाही. सॉल्व्हर इटरेशन करणारा आहे. कन्व्हर्जन्सची टॉलरन्स (किती जवळ पोचल्यावर थांबायचं ती मर्यादा) दहा लाखांत एक असेल, तर उत्तरातच तेवढा थरथराट असतो. फॉरवर्ड डिफरन्सची योग्य स्टेप साधारण या थरथराटाच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे हजारात एक. सेंट्रलची घनमुळाएवढी, म्हणजे शंभरात एक. पुस्तकात दिसणारी दहा कोटींत एक ही स्टेप उत्तर सोळाव्या अंकापर्यंत स्वच्छ असेल तेव्हाचीच. धन आकडे कुठून आले तेही यातूनच कळतं: तुमच्या स्टेपने होणारा बदल आणि हा थरथराट, दोन्ही एकाच मापाचे आहेत.

पण माझं मत विचाराल तर फायनाइट डिफरन्स, म्हणजे माप हलवून वजाबाकी करण्याची ही रीतच, सोडून द्या. समतोलाचं समीकरण डिफरन्शिएट केलं की दिसतं, डावीकडे तोच स्टिफनेस मॅट्रिक्स (रचनेच्या ताठपणाचा तक्ता) येतो जो आधीच फॅक्टराइझ झालेला आहे, म्हणजे सोडवण्याचं जड काम झालेलं आहे. उजवीकडची बाजू तेवढी बदलते. २४ व्हेरिएबल्सना २४ स्वस्त बॅक-सब्स्टिट्यूशन पुरतात, अकरा मिनिटांचे २४ रन लागत नाहीत. ही डायरेक्ट पद्धत. उलट टोकाकडून गेलं तर अ‍ॅडजॉइंट: प्रत्येक रिस्पॉन्ससाठी (स्ट्रेस, फ्रीक्वेन्सी असा निकालाचा आकडा) एक सोडवणूक, मग व्हेरिएबल्स २४ असोत की २४ लाख. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन (कुठे माल ठेवायचा, कुठे काढायचा ते ठरवणं) त्यावरच उभं आहे. पिरोनोने १९७४ मध्ये प्रवाहातल्या आकारांसाठी आणि जेमसनने १९८८ मध्ये विमानाच्या पंखांसाठी ही वाट वापरली, कारण तिथे आकाराची शेकडो मापं असतात आणि रिस्पॉन्स दोन-चार, ड्रॅग आणि लिफ्ट यांसारखे.

सह्यकडा

काजवा, तत्त्व मान्य. पण सोर्स कोड नसताना अ‍ॅडजॉइंट आणणार कुठून? सोडून द्या म्हणणं सोपं आहे. कारखान्यात बंद पेटीच हातात येते आणि त्या पेटीतून खरा आकडा काढणं हेही इंजिनीअरचंच काम आहे.

शिवाय तयार मॉड्यूलवरही डोळे मिटून विसंबू नये. पुष्कळ सॉल्व्हर सेमी-अ‍ॅनालिटिकल पद्धत वापरतात: समीकरण हाताने डिफरन्शिएट केलेलं, पण स्टिफनेस मॅट्रिक्सचा डिरिव्हेटिव्ह आत फायनाइट डिफरन्सने. जाडीसाठी ते उत्तम चालतं. पण बार्थेलेमी आणि हाफ्का यांनी १९८८ च्या सुमारास दाखवून दिलं की लांब, सडपातळ बीमची लांबी किंवा आकार हे व्हेरिएबल असेल तर यात मोठी चूक येते, आणि मेश (गणितासाठी भागाचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) बारीक करत गेलं तर ती आणखी वाढते. मेश बारीक केला की उत्तर सुधारतं ही आपली सवय, इथे ती दगा देते. धुराच्या चार आकाराच्या मापांना हे लागू पडू शकतं.

काजवा

टोचलं, पण योग्य आहे. बंद पेटी असेल तर माझा सल्ला उपयोगाचा नाही. मात्र सॉल्व्हर स्वतः लिहिलेला असेल त्यांच्यासाठी कॉम्प्लेक्स स्टेप सांगितल्याशिवाय राहवत नाही. मापात खरा बदल करायचाच नाही, काल्पनिक भागात १० च्या −२० व्या घाताएवढी स्टेप घालायची, उत्तराचा काल्पनिक भाग स्टेपने भागायचा. वजाबाकी कुठेच नाही, म्हणून अंक गळत नाहीत आणि मशीन देईल तेवढे सगळे अंक बरोबर येतात. लायनेस आणि मोलर यांची मूळ कल्पना १९६७ ची, स्क्वायर आणि ट्रॅप यांनी १९९८ मध्ये ती आजच्या साध्या रूपात मांडली. पहिल्यांदा स्वतःच्या कोडवर चालवून पाहिलं तेव्हा रात्री दोन वाजता खोलीत एकटा टाळ्या वाजवत होतो.

सापळे तीन. अ‍ॅबसोल्यूट व्हॅल्यूचं फंक्शन काल्पनिक भाग गिळतं. मॅटलॅबमधलं साधं अपॉस्ट्रॉफीचं ट्रान्सपोज काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवतं. आणि कुठे तरी कोणी संख्या जबरदस्तीने रिअल केली की डिरिव्हेटिव्ह गुपचूप शून्य.

निळाई (पुणे)

मी सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहिते. धुराने पहिल्याच पोस्टमध्ये जे म्हटलं, आकड्यासोबत भरवसा येत नाही, ते मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नासाच्या ग्लेन केंद्रात तयार झालेलं ओपनएमडीएओ वापरून पाहा, फुकट आहे, पायथनमध्येच आहे. त्यात प्रत्येक घटक आपापले आंशिक डिरिव्हेटिव्ह सांगतो. एखादा हाताने लिहिलेला, एखादा कॉम्प्लेक्स स्टेपने, तुमच्या बंद पेटीसारखा एखादा फायनाइट डिफरन्सने. सगळे जोडून पूर्ण डिरिव्हेटिव्ह काढायचं काम फ्रेमवर्क करतं, डायरेक्ट किंवा अ‍ॅडजॉइंट, जे स्वस्त पडेल ते तुम्ही निवडायचं. ह्वांग आणि मार्टिन्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली रचना त्याच्या मुळाशी आहे. आणि त्यात आंशिक डिरिव्हेटिव्ह तपासण्याची सोय आधीपासून दिलेली आहे. मला तीच जास्त मोलाची वाटते.

ऑटोमॅटिक डिफरन्शिएशनबद्दलही थोडं, कारण नवीन मुलं थेट तिथे धावतात. कोडमधल्या प्रत्येक बेरजेला-गुणाकाराला साखळी नियम लावत जायचं. उलट दिशेने जाणारी रीत लिन्नाइनमा यांनी १९७० मध्ये हेलसिंकीत मांडली. ग्रेडियंटचा खर्च मूळ गणिताच्या थोड्याच पटीत राहतो, व्हेरिएबल्स कितीही असोत. फक्त इटरेशन करणाऱ्या सॉल्व्हरच्या पोटातल्या प्रत्येक फेरीतून हे ओढत नेऊ नये. मेमरी फुगते, आणि अर्धवट कन्व्हर्ज झालेला डिरिव्हेटिव्ह मिळतो. शेवटच्या उत्तरापाशी थांबून तिथलं एकच लिनिअर समीकरण सोडवावं.

धुरा, तुझ्या कामात अजून दोन जागा तपास. एक, कमाल स्ट्रेस. माप हललं की कमाल एका एलिमेंटवरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि तिथे डिरिव्हेटिव्हच नसतो. क्रायसेलमायर-श्टाइनहाउझर फंक्शन वापरून सगळे स्ट्रेस एका गुळगुळीत आकड्यात गुंफता येतात. पण ४०,००० एलिमेंट एकदम गुंफू नकोस. चुकीची वरची मर्यादा एलिमेंटच्या संख्येचा नैसर्गिक लॉग भागिले पॅरामीटर इतकी असते. ४०,००० चा लॉग १०.६, पॅरामीटर १०० धरला तर १० टक्क्यांहून अधिक अंदाज फुगू शकतो, म्हणजे तेवढा पत्रा उगाच जाड राहील. वेल्डजवळचे भाग वेगवेगळे गट करून गुंफ.

दोन, फ्रीक्वेन्सी. दोन मोड (थरथरण्याच्या तऱ्हा) जवळ असतील तर माप बदलल्यावर त्यांचा क्रम बदलतो आणि तुझी स्क्रिप्ट वाकण्याच्या मोडमधून पिळाच्या मोडची फ्रीक्वेन्सी वजा करते. मोडचे आकार जुळवून पाहा, नंबर पाहू नकोस.

धुरा

निळाईताई, दुसरी गोष्ट तर आमच्याकडे घडते आहे हे नक्की. पहिले दोन मोड २९.१ आणि २९.८ वर आहेत. उद्याच बघतो.

काजवा

ओतकाम, तुमचं राहिलं. धुराला एका बिंदूवरचा उतार हवा आहे. तुम्हाला संपूर्ण टॉलरन्सच्या पट्ट्यात कोणतं माप किती खेळ करतं ते हवं आहे. त्याला ग्लोबल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. मॉरिसची १९९१ ची पद्धत तुमच्यासाठी चांगली: एकेक माप पट्ट्यात मोठ्या पावलाने हलवायचं, वेगवेगळ्या सुरुवातींपासून. धुराएवढी २४ मापं आणि १० सुरुवाती घेतल्या तर २५० रन, ११ मिनिटांच्या हिशोबाने ४६ तास. सोबोल इंडेक्स (निकालाच्या चढउतारात कोणत्या मापाचा किती वाटा) नेमके, पण १०२४ नमुने घेतले तर २६,६२४ रन, म्हणजे २०० दिवसांहून जास्त. म्हणून आधी मॉरिसने पाच-सहा मापं निवडा, त्यांच्यावर सरोगेट (सॉल्व्हरची झटपट चालणारी नक्कल) बसवा आणि सोबोल त्या सरोगेटवर काढा. पायथनमध्ये सालिब नावाची लायब्ररी आहे, दोन्ही त्यात मिळतं.

ओतकाम

२५० रन आम्हाला परवडतील. एक शंका: दोन मापं एकमेकांवर अवलंबून असतील तर? कोअर (साच्यातला पोकळी पाडणारा आतला भाग) सरकला की एका बाजूची भिंत जाड होते आणि समोरची पातळ, नेहमीच.

काजवा

मग जाड्या घेऊच नका, कोअर किती सरकला तेच एक व्हेरिएबल घ्या. दोन्ही जाड्या त्याच्यातून निघू द्या. मॉरिस आणि साधे सोबोल दोन्ही मापं स्वतंत्र आहेत असं धरून चालतात.

धुरा

दोन आठवड्यांनी येतोय, पण बरंच सांगायचं आहे.

स्ट्रेस आता बायनरी फाइलमधून वाचतो. इनपुट फाइलमध्ये रुंद रकाने वापरतो आणि लिहिलेला आकडा परत वाचून खरी स्टेप घेतो. कॉन्टॅक्टची टॉलरन्स घट्ट केली, रन ११ वरून १४ मिनिटांवर गेला. चालेल. आकाराच्या चार मापांसाठी दर वेळी नवा मेश होत होता. तो बंद करून जुन्याच मेशचे नोड सरकवतो, म्हणजे एलिमेंटची जोडणी तीच राहते. हे केलं नव्हतं तोवर भोकाच्या व्यासाची सेन्सिटिव्हिटी स्टेप बदलली की चिन्हासकट बदलायची.

मग प्रत्येक व्हेरिएबलसाठी शिडी चालवली: २, १, ०.५, ०.१ टक्के. सलग दोन पायऱ्यांमधला फरक आकड्यासोबत फाइलमध्ये नोंदतो. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर स्क्रिप्ट ऑप्टिमायझरला ग्रेडियंट देतच नाही, थांबते आणि व्हेरिएबलचं नाव छापते. शिडी रोज चालवत नाही, डिझाइन बरंच हललं की पुन्हा.

सॉल्व्हरचं स्वतःचं सेन्सिटिव्हिटी मॉड्यूलही आमच्या लायसन्समध्ये निघालं, पण ते फक्त लिनिअर मॉडेलवर चालतं. म्हणून बोल्टचे कॉन्टॅक्ट चिकटवून टाकलेलं मॉडेल केलं आणि त्याच मॉडेलवर माझी स्क्रिप्टही चालवली. २० जाड्यांचे आकडे तिसऱ्या अंकापर्यंत जुळले. आकाराच्या चार मापांपैकी एका फिलेटचा जुळला नाही, तिथे मी शिडीवरचा आकडा धरला.

सात शून्यांपैकी पाच खरोखर लहान होती, दोन चांगलीच मोठी निघाली. धन आलेल्या तीनपैकी दोन आता ऋण आहेत. राहिली ९ नंबरची रिब. ती अजून धनच आहे. शिडी अशी: +११.५, +११.८, +११.९, +१२.०. आकडा स्वच्छ आहे, पण मनाला पटत नाही. रिब जाड केली की स्ट्रेस वाढतो?

निळाई

टेलर चाचणी करून बघ. स्टेप निम्मी केली की सरळ रेषेच्या अंदाजातली बाकी चौथाई झाली पाहिजे. तशी होत असेल तर डिरिव्हेटिव्ह खरा आहे, मग मनाला पटो न पटो.

सह्यकडा

चौथाई होणारच, ती शिडीच सांगते आहे. धुरा, रचनेकडे बघा. क्रॅडल स्टॅटिकली इनडिटरमिनेट आहे, लोडला जायला अनेक वाटा आहेत. एक वाट ताठ केली की लोड तिच्याकडे ओढला जातो. ९ नंबरची रिब कुठे संपते? तिच्या टोकाला काय आहे?

धुरा

खालच्या क्रॉस मेंबरच्या फिलेटपाशी संपते. कमाल स्ट्रेस तिथेच आहे.

सह्यकडा

मग झालं. रिब स्वतः मजबूत होते, पण जास्तीचा लोड आणून त्या फिलेटवर टाकते. तुमचा आकडा खरा आहे. त्या रिबला बारीक करून पाहा.

धुरा

केली. ४ मिमीच्या जागी ३.१५ चा पत्रा घातला. सरळ रेषेने १७७ चा अंदाज होता, स्ट्रेस १७४ वर आला. वक्र तिकडे आणखी उतरता आहे, शिडीतही +१२.० वरून +११.५ पर्यंत तसाच कल होता. रिबमधला स्ट्रेस थोडा वाढला, पण मर्यादेच्या बराच खाली आहे. पहिली फ्रीक्वेन्सी २८.७. मोड आकारावरून जुळवून घेतला, तो वाकण्याचाच आहे.

आज रात्री नव्या ग्रेडियंटवर पूर्ण ऑप्टिमायझेशन लावून जातोय. स्क्रिप्ट साफ करून इथेच टाकतो, ओतकामांना मॉरिससाठी रन लावायचा भाग तसाच वापरता येईल.

ओतकाम

वाट बघतो. कोअर सरकण्याचं व्हेरिएबल करून ठेवलं आहे.